पासिंगची तारीख आणि गळका शॉकअप : वाचकांचे प्रश्न

पंधरा वर्षे पूर्ण झालेली मोटरसायकल फेरनोंदणीसाठी न्यायची आहे आणि नेमके त्याच वेळी पुढच्या शॉकअपमधून तेल गळू लागले आहे, अशा आशयाची पत्रे या सदराकडे सातत्याने येत असतात. त्यांपैकी तीन पत्रे आणि इंग्लंडमधून आलेले त्याच विषयावरचे एक पत्र या वेळी एकत्र घेतले आहे. प्रश्न स्थलाभावी संक्षेपाने दिले आहेत.

प्रश्न : माझी दीडशे सीसीची मोटरसायकल २०१० सालची असून तिची पंधरा वर्षांची मुदत संपत आली आहे. डाव्या शॉकअपच्या नळीवर तेलाचे वर्तुळ उमटते आणि खालच्या भागावर धूळ चिकटून काळा थर बसतो. एजंटाचे म्हणणे असे की, सकाळी पेट्रोलने पुसून गाडी पासिंगला न्यावी, साहेब फक्त नंबर पाहतात. तसे करावे का? आणि तेल दिसल्यास गाडी नापास होऊ शकते का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. होय, होऊ शकते. मात्र ते बव्हंशी निरीक्षकांच्या नजरेवर आणि निर्णयावर अवलंबून असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५२ प्रमाणे त्यासाठी नमुना २५ मध्ये अर्ज करायचा असतो आणि तो मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करता येतो. प्रत्यक्ष तपासणीत चासिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा, इंजिन क्रमांक, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक, टायर, नंबरप्लेट, पीयूसी आणि विमा यांवर भर असतो, म्हणून एजंट म्हणतात त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ज्या निरीक्षकांना गाड्यांची जाण असते, ते हँडल धरून, पुढचा ब्रेक दाबून पुढचा भाग दोन-तीनदा खाली दाबून पाहतात. पुसलेली नळी तेवढ्यानेच पुन्हा ओली होते आणि पेट्रोलने नुकताच धुतलेला शॉकअपचा तो एकच चकचकीत पाय धुळकट गाडीवर आपोआप लक्ष वेधून घेतो.

पुसून नेण्याला माझा विरोध आहे तो मुख्यतः दुसऱ्या कारणासाठी. सीलमधून, म्हणजे नळीभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्यातून, बाहेर पडलेले तेल नळीवरच थांबत नाही. ते बॉटम केसवरून, म्हणजे नळी ज्यात वर-खाली होते त्या खालच्या भागावरून, ओघळत खाली उतरते आणि डिस्क ब्रेकच्या गाडीत ज्या पायावर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) बसवलेला असतो त्याच पायाचे सील गळत असेल, तर थेट ब्रेक पॅडपर्यंत पोहोचते. तेल प्यायलेले पॅड साबणाने किंवा पेट्रोलने धुऊन पूर्वीसारखे होत नाहीत; ते बदलावेच लागतात. दुचाकी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे ज्याला आपण किरकोळ गळती म्हणतो तिचा अर्थ कळतो. शिवाय तेल कमी झालेला शॉकअप ब्रेक लावताच एकदम खाली बसतो, रम्बलर पट्ट्यांवर पुढचे चाक रस्ता सोडून उड्या मारू लागते आणि खड्ड्यात नळी तळाला आदळते. माहीत असलेल्या किंवा साध्या काळजीने कळू शकणाऱ्या धोकादायक दोषासह वाहन रस्त्यावर आणणे हा कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हा आहे, आणि त्यासाठी पासिंगची तारीख यावी लागत नाही.

आता आपली गाडी. आधी ती खरोखर किती गळते आहे ते पाहा. दोन्ही नळ्या स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसा, चार-पाच गतिरोधक असलेल्या रस्त्यावरून गाडी फिरवून आणा आणि सावलीत मुख्य स्टँडवर लावून नळीवर बोट फिरवा. बोटाला जेमतेम जाणवेल इतका तेलाचा पापुद्रा हा दोष नव्हे; सीलच्या ओठाला, म्हणजे नळीला टेकणाऱ्या आतल्या कडेला, तेवढा ओलावा लागतोच, नाहीतर रबर नळीवर घासून फाटेल. पण नळीवर स्पष्ट, जाड कडे उमटले किंवा थेंब डस्ट सीलच्या (धूळ अडवणाऱ्या वरच्या रबराच्या) काठावरून खाली उतरला, तर सील गेले असे समजावे. तेल नेमके कोठून येते याचीही खात्री करून घ्या. बॉटम केसच्या तळाशी असलेल्या ॲलन बोल्टखालचा तांब्याचा वायसर बसका झाला, तरी पाय खालून ओला दिसतो आणि वरचे सील नाहक बदलले जाते. ब्रेकच्या होजच्या जोडातून ब्रेक ऑइल पाझरत असेल, तर तेही याच मार्गाने खाली येते; मात्र ते पाण्यात मिसळते आणि रंग खाते, शॉकअपचे तेल तसे करत नाही.

त्यानंतर नळीवरून, वरपासून खालपर्यंत, अंगठ्याचे नख हळूहळू ओढत न्या. नख जेथे अडखळेल तेथे क्रोमखाली गंज धरलेला आहे असे समजावे. कोकणात हे फार आढळते. चार महिने पाऊस, वर्षभर दमट खारी हवा आणि अंगणात उघड्यावर उभी गाडी, एवढे असले की क्रोमला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडून खालचे पोलाद गंजू लागते, त्या गंजाचा कडक फोड वर येतो आणि प्रत्येक खड्ड्याला तो फोड सीलच्या ओठावरून कानसासारखा फिरतो. असे फोड जर नळीच्या अगदी वरच्या टोकाला, जिथपर्यंत सील कधी पोहोचतच नाही अशा जागी असतील, तर ते दिसायला वाईट असले तरी गळतीचे कारण नव्हेत. मधल्या, कामाच्या पट्ट्यात असतील तर मात्र नुसते सील बदलून काहीही साधणार नाही.

एक स्वस्त उपाय करून पाहण्यासारखा आहे. नवे सील असूनही चिखलातून आल्यावर अचानक गळू लागले, तर ओठाखाली वाळूचा कण अडकलेला असण्याचा संभव असतो. डस्ट सील हलक्या हाताने वर सरकवून, जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापून तिच्या टोकाला आकड्यासारखी खाच करावी आणि ती नळी व सील यांच्यामध्ये घालून गोल फिरवत बाहेर ओढावी. पट्टीबरोबर काळसर कण बाहेर येतात आणि पुष्कळदा गळती तेथेच थांबते. पंधरा वर्षांच्या गाडीत, जर सील मूळचेच असेल, तर हा खटाटोप करू नका. त्याचे रबर एव्हाना इतके कडक झालेले असते की ओठाला पीळच उरलेला नसतो.

तेव्हा आपल्यासाठी माझा सल्ला असा : अर्ज करण्याच्या साठ दिवसांच्या मुदतीतला पहिला आठवडा गॅरेजला द्या. एकाच पायाचे सील गळत असले तरी दोन्ही बदला, दोन्हीकडचे तेल एकाच वेळी काढा आणि दोन्हीकडे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच भरा. जुने तेल पारदर्शक बरणीत काढून पाहा. बऱ्याचदा ते राखाडी, उग्र वासाचे आणि तळाला गाळ धरणारे निघते, आणि पंधरा वर्षांत ते एकदाही बदललेले नाही हे त्यावरून लगेच कळते. काम झाल्यावर निदान दोन आठवडे गाडी नेहमीसारखी वापरा, म्हणजे काही राहिले असेल तर ते तपासणीच्या रांगेत न कळता आधीच कळेल. बिल जपून ठेवा. उशीर मात्र करू नका, कारण केंद्राने १ एप्रिल २०२२ पासून लागू केलेल्या दरांत नूतनीकरणाला झालेल्या उशिरासाठी मोटरसायकलला दरमहा ३०० रुपये जादा शुल्क आहे. पंधरा वर्षांवरील गाड्यांचा पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो, आणि आपल्या गाडीची नोंदणी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्यामुळे उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल तर शॉकअपपेक्षा तीच आधी आडवी येईल.

प्रश्न : माझ्या वडिलांची जुनी मोटरसायकल मी वापरते. तिच्या उजव्या शॉकअपचे सील वर्षभरात दोनदा बदलून झाले, तरी प्रत्येक वेळी थोड्याच दिवसांत पुन्हा गळती सुरू होते. मेकॅनिक म्हणतात की, हल्ली सीलच असे येतात, त्याला इलाज नाही. तपासणीत याच कारणावरून गाडी परत पाठवली गेली, म्हणून विचारते की नवा पूर्ण शॉकअप घ्यावा की आणखी काही मार्ग आहे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : बाजारात बनावट सील भरपूर आहेत, हे मान्य. परंतु बदललेले सील दोनदा आणि तेही एकाच बाजूचे जात असेल, तर दोष सीलमध्ये नसून त्याच्या आसपास आहे असे धरून चालावे. आपले मेकॅनिक एक भाग बदलत आहेत, तो का जातो हे पाहत नाहीत. तिसऱ्यांदा तोच प्रयोग करण्याआधी पुढील गोष्टी त्यांच्याकडून, शक्य असल्यास स्वतः समोर थांबून, तपासून घ्या.

पहिली शंका नळीची. चिपळूणच्या वाचकांना सांगितलेली नखाची कसोटी आपणही लावा. आपल्याकडे गंजापेक्षा उडालेल्या खडीने पडलेले टोचे आणि धूळ यांचा त्रास अधिक संभवतो. टोचा एखाद-दुसरा आणि लहान असेल, तर त्याच्या उभारलेल्या कडा एक हजार किंवा त्याहून बारीक नंबरच्या पॉलिश पेपरला तेल लावून, नळीच्या गोलाईने, आडवे घासून उतरवता येतात. उरलेल्या खळग्यात एपॉक्सी भरून ती वाळल्यावर पुन्हा तसेच घासले की ओठ त्यावरून विनासायास सरकतो. हे काम दिसते त्याहून अधिक संयमाचे आहे आणि घाईत करणाऱ्याने चांगली नळी बिघडवल्याची उदाहरणेही आहेत. खळगे अनेक असतील तर नळी बदलावी अथवा तिला हार्ड क्रोम करून घ्यावे. औद्योगिक वसाहतींत हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्यांना हार्ड क्रोम चढवून, नंतर ग्राइंडिंग करून मूळ मापाला आणून देणारे कारखाने असतात, त्यांच्याकडे जावे. हँडल आणि सायलेन्सर चमकवून देणाऱ्यांकडचे क्रोम शोभेचे असते, शॉकअपच्या नळीवर ते टिकत नाही, आणि वरून ग्राइंडिंग झाले नाही तर माप वाढल्यामुळे नवे सील पहिल्याच दिवशी फाटते.

दुसरी शंका नळी वाकल्याची. गाडी कधी पुढून आदळली होती का, हे वडिलांना विचारा. वाकलेली नळी बाहेरून सरळच दिसते. ती खोलून जाड काचेवर ठेवून बोटाने हळू लोटावी. वाकलेली असेल तर काचेच्या आणि नळीच्या मधली उजेडाची फट प्रत्येक फेऱ्याला उघडझाप करते. अशा नळीमुळे सीलच्या एकाच बाजूवर दाब येतो आणि ओठ एकाच जागी झिजतो, म्हणून आधीचे काढलेले सील फेकून दिले नसेल तर ते निरखून पाहा. प्रेसवर नळी सरळ करून देणारे कारागीर आहेत, आणि वाक अगदी थोडा असेल तर काम होतेही. परंतु जिथे नळीला घडी पडली आहे किंवा क्रोम तडकले आहे ती सरळ करून पुन्हा वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे बसवण्याची रीत, आणि खरे सांगायचे तर सर्वाधिक सील येथेच मरतात. पुष्कळ गॅरेजांत जुने सील स्क्रूड्रायव्हरने उचकटतात, त्यात बॉटम केसच्या आतल्या गुळगुळीत भिंतीला ओरखडा पडतो आणि मग नव्या सीलच्या आतून नव्हे तर बाहेरच्या कडेने तेल वाट काढते. ओठ शाबूत आणि नळी निर्दोष असूनही गळती चालू राहते ती अशी. नळीच्या वरच्या टोकाला असलेल्या खाचेच्या किंवा आट्यांच्या धारेवरून सील तसेच खाली ढकलले, तर ओठ बसण्याआधीच कापला जातो. त्यावर उपाय म्हणजे टोकावर दुधाच्या पिशवीसारखे पातळ प्लॅस्टिक ओढून, त्याला आणि सीलला शॉकअपचेच तेल लावून, मग सील सरकवणे. सीलची ओठावर बारीक स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे खाली, आणि माप छापलेली बाजू वर, हे तर चुकायलाच नको. ते आत बसवताना हातोडी थेट त्यावर मारू नये. जुने सील उलटे करून नव्यावर ठेवावे आणि नळीवरून सहज घसरेल अशा पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने चहूबाजूंनी सारखे ठोकत न्यावे. वरची क्लिप तिच्या खाचेत पूर्ण बसल्याचा टक् असा आवाज येतो. खाच दिसेपर्यंत थांबायचे नाही असे ठरवूनच ठोकावे.

याशिवाय नळीला आधार देणारी आतली बुशिंग, म्हणजे बुश, झिजली असतील तर नळी बॉटम केसमध्ये डुलते आणि कितीही चांगले सील तो डुलणारा भार सहन करू शकत नाही. गाडी मुख्य स्टँडवर लावून, पुढचे चाक अधांतरी ठेवून, दोन्ही पायांची खालची टोके धरून पुढे-मागे हलवा. खटखट जाणवली तर बुश पाहावेत. मात्र वरचा, हँडलच्या सांध्यातला बॉल रेसर ढिला असला तरी अशीच खटखट येते, म्हणून दुसऱ्या कोणास तरी नळी आणि केस यांच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा, म्हणजे हालचाल कोठे आहे ते कळेल. आणि शेवटी, गळून कमी होईल म्हणून तेल मापापेक्षा थोडे जास्त भरण्याची जी सवय काही जणांना असते, ती सीलला मारकच आहे. वरची हवेची पोकळी लहान झाली की खड्ड्यात आतला दाब वाढतो आणि तो दाब सीलवरच येतो.

पूर्ण नवा शॉकअप घेण्याची घाई नको. बॉटम केसची भिंत ओरखडलेली आणि नळीही गेलेली, असे दोन्ही असेल तरच तो खर्च परवडतो. एरवी नळी, बुश, मूळ कंपनीचे सील, क्लिप आणि तेल एवढ्यात काम होते. तपासणीत परत पाठवताना निरीक्षकांनी जो शेरा दिला असेल तो नीट वाचा. फक्त गळतीचा उल्लेख असेल तर तेवढे दुरुस्त करून गाडी पुन्हा दाखवायची असते. त्यासाठी पुन्हा एजंटाचे पैसे भरण्याची गरज नाही. निरीक्षक विचारतील न विचारतील, दुरुस्तीचे बिल सोबत न्या.

प्रश्न : शॉकअपमध्ये इंजिन ऑइलच टाकले तर गळती थांबते, कारण ते दाट असते, असे आमच्याकडे सांगतात. खरे आहे का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही. दाट तेल फाटक्या ओठातून जरा सावकाश गळेल, इतकेच. मधल्या काळात शॉकअप ताठर होतो, लागोपाठच्या लहान खड्ड्यांवर तो वर यायला उशीर करतो आणि हिवाळ्याच्या सकाळी तर ही खोड अधिकच जाणवते. शॉकअपचे तेल फेस न धरता वर-खाली होण्यासाठी बनवलेले असते, तर इंजिन ऑइल काजळी धुऊन पोटात ठेवण्यासाठी. दोघांची कामे निराळी आहेत. जुन्या काळच्या काही गाड्यांच्या पुस्तिकांत इंजिन ऑइल चालते असे लिहिलेले आढळते, आणि तशी गाडी आपल्याकडे असेल तर पुस्तिका प्रमाण मानावी. एरवी पुस्तिकेत ज्या ग्रेडचे तेल दिले आहे, तेच दोन्ही पायांत समान मापाने भरावे. तपासणीपुरते म्हणून सीलवर ग्रीस थापणे किंवा गळती थांबवणारे म्हणून विकले जाणारे रसायन ओतणे, हे दोन्ही प्रकार टाळावेत. ग्रीसवर धूळ बसून तिचा लगदा होतो आणि तोच पुढे ओठाखाली शिरतो.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो आणि वापरलेली रॉयल एनफिल्ड हिमालयन घेतली आहे. पुढच्या महिन्यात तिची एमओटी, म्हणजे येथील सक्तीची वार्षिक, तपासणी आहे. शॉकअपवर रबरी बूट असल्याने काही दिसत नाही, पण उजव्या बुटाच्या खालच्या काठाशी तेलकटपणा जाणवतो. येथील तपासणीत याकडे कसे पाहतात? भारतातल्यासारखे निरीक्षकांवरच सगळे असते का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : तेथे तपासनीसाची नजर महत्त्वाची असतेच, पण तिला छापील नियमपुस्तकाची चौकट आहे. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी करावी लागते. २० मे २०१८ पासून दोषांची धोकादायक, मोठा आणि किरकोळ अशी वर्गवारी केली जाते. पहिल्या दोहोंपैकी एकही दोष निघाला तर गाडी नापास होते. दोष म्हणण्याइतके नसलेले पण लक्ष ठेवण्याजोगे काही आढळले, तर ते सूचना म्हणून नोंदवले जाते. शॉकअपला लागणारा निकष तीव्र गळतीचा आहे. म्हणून नळीवरचा नुसता ओलसरपणा सूचनेवर निभावण्याचा संभव असतो, आणि पायावरून ओघळणारे तेल मात्र गाडी नापास करते. तेल पॅडपर्यंत गेले असेल तर तो ब्रेकचा स्वतंत्र दोष ठरतो.

आपल्या गाडीची अडचण वेगळीच आहे. एमओटी करणारा तपासनीस भाग खोलून पाहत नाही. त्यामुळे बुटाखाली काय चालले आहे हे त्याला कळेलच असे नाही, आणि प्रमाणपत्र मिळाले म्हणजे सील ठीक आहे असाही त्याचा अर्थ होत नाही. बुटाची वरची पट्टी सैल करून तो खाली दुमडा आणि स्वतः पाहा. तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर बुटात शिरले की बाहेर पडायला वाट नसते आणि संरक्षणासाठी लावलेल्या रबराच्या आतच नळी गंजते. बुटाच्या तळाशी असलेली बारीक छिद्रे चिखलाने बुजली असतील तर ती मोकळी करा, आणि दर हिवाळा संपताच बूट उघडून नळी गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करण्याची सवय ठेवा. तेल तेथे साचलेले आढळले तर सील बदलणे आलेच. त्याची रीत सोलापूरच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात आली आहे. धुताना प्रेशर जेटचा फवारा डस्ट सीलवर सरळ मारू नका, कारण तो पाणी आणि मीठ दोन्ही आत ढकलतो.

तारखेबद्दल थोडे. चालू प्रमाणपत्र संपण्याच्या एक महिना आधीपर्यंत, एक दिवस वजा जाता, तपासणी करून घेतली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते, तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट पाहण्यात काही लाभ नाही. साइडकार नसलेल्या मोटरसायकलसाठी कमाल शुल्क २९.६५ पौंड आहे. नापास झाल्यावर गाडी त्याच केंद्रात दुरुस्तीसाठी ठेवली आणि दहा कामकाजाच्या दिवसांत पुन्हा तपासली, तर अंशतः फेरतपासणीला शुल्क लागत नाही. बाहेर नेऊन त्याच मुदतीत परत आणल्यास काही शुल्क आकारले जाऊ शकते. जुने प्रमाणपत्र अजून वैध असेल आणि धोकादायक वर्गातला दोष नसेल, तर गाडी चालवत घरी नेता येते, मात्र ती रस्त्यावर चालवण्यास योग्य असली पाहिजे ही अट तेव्हाही सुटत नाही.

वापरलेली गाडी घेतल्यामुळे आणखी एक सोय आपल्याला उपलब्ध आहे. गाडीचा नोंदणी क्रमांक टाकून तिच्या आधीच्या एमओटी तपासण्यांचे निकाल सरकारी संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यात याच उजव्या शॉकअपबद्दलची सूचना गेल्या वर्षीही नोंदलेली आढळली, तर आधीच्या मालकाने सील बदलले की नुसते पुसले, हे त्याला विचारून घ्या. आणि बदललेले असूनही पुन्हा गळत असेल, तर सील मागवण्याआधी नळीचीच तपासणी करा.